क्षयरोग आणि घराण्याचा वारसा

(जागतिक क्षयरोग दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात छातीरोग विभागातर्फे देण्यात आलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती बरे झाले, औषधांवर किती खर्च झाला, याचा तपशील अहवालाच्या इतर पानांवर दिलेला आहे. तो येथे पुन्हा सांगत नाही. आज आम्ही एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहोत. हा प्रश्न आमच्या विभागात रुग्णासमोर क्वचितच विचारला जातो. रुग्ण औषधांची पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसला, की त्याची आई किंवा थोरला भाऊ दाराशी घुटमळतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "डॉक्टर, हे आमच्या घराण्यातच आहे का हो?" त्या प्रश्नामागे बहुधा ठरत आलेली एखादी सोयरीक असते, आजोबा किंवा आत्या याच आजाराने गेल्याची आठवण असते आणि घरातील लहान मुलांविषयीची धास्ती असते.

यंदा हाच प्रश्न आमच्याकडे दुसऱ्या दिशेनेही आला. संस्थेच्या एका जुन्या हितचिंतकांनी मोठ्या आपुलकीने सुचविले, की आता माणसाची जनुके वाचता येतात. मग क्षय कोणाला होणार हे आधीच सांगणारी तपासणी आपल्या रुग्णालयात का सुरू करू नये? त्यासाठी लागणारे यंत्र देण्याचीही त्यांनी तयारी दर्शविली. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे आणि दोघांनाही सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम जे निर्विवाद आहे ते सांगतो. क्षयरोग जंतूमुळे होतो आणि तो जंतू हवेतून येतो. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे हा जंतू शास्त्रज्ञांच्या सभेपुढे मांडला. त्याच तारखेला आपण आज जमलो आहोत. तोपर्यंत युरोपातील अनेक नामवंत वैद्य क्षयाला आनुवंशिक व्याधी मानीत असत. त्यांची चूक समजण्याजोगी होती. एकाच घरातील तीन-चार माणसे एकापाठोपाठ खंगून जाताना दिसली, तर रक्ताचा दोष वाटणारच. पण ती माणसे एकाच खोलीत निजत होती, एकाच हवेत श्वास घेत होती आणि एकाच अपुऱ्या भांड्यातून जेवत होती. आपल्या आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. रोगाचे कारण तोवर कळून पाच वर्षे होत आली होती. औषध मात्र कोणाच्याही हाती नव्हते.

आज औषध आहे. १९५६ साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९३ रुग्णांपैकी काहींवर आरोग्यधामात आणि काहींवर त्यांच्या स्वतःच्या गरीब, दाटीवाटीच्या घरांत उपचार केले. दोन्हीकडचे रुग्ण जवळजवळ सारख्याच प्रमाणात सुधारले, आणि पुढील काही वर्षे पाहणी केल्यावर घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले नाही. रुग्णाला घराबाहेर काढण्याचे शास्त्रीय कारण त्या दिवशी संपले. समाजाचे कारण अजून संपलेले नाही, म्हणून तर तो हलक्या आवाजातला प्रश्न.

तथापि "घराण्याचा काहीही संबंध नाही" असे सांगून आम्ही मोकळे झालो, तर तेही पूर्ण सत्य होणार नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश माणसांना या जंतूचा संसर्ग कधी ना कधी झालेला असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी आयुष्यभरात शंभरातील पाच ते दहाच प्रत्यक्ष आजारी पडतात. उरलेल्यांच्या शरीरात जंतू जातो आणि तेथेच कोंडला जातो. ही निवड कोण करतो?

१९२९-३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक शहरात एक भीषण दुर्घटना घडली. सुमारे २५० नवजात बालकांना तोंडावाटे बीसीजी लस दिली गेली आणि प्रयोगशाळेतील हलगर्जीपणामुळे त्या लसीत क्षयाचे खरे, तीव्र जंतू मिसळलेले होते. ७२ बालके क्षयाने दगावली. ज्यांच्या शरीरात रोगाच्या खुणा दिसल्या अशी बहुसंख्य बालके मात्र, कोणतेही प्रभावी औषध उपलब्ध नसताना, आपली आपण बरी झाली. प्रत्येक बालकाच्या वाट्याला आलेल्या जंतूंचे प्रमाण सारखे नव्हते, हे पुढे उघड झाले, त्यामुळे सर्व फरक जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पदरात टाकता येत नाही. तरीही मानवी बालकाच्या अंगी या जंतूला थोपविण्याची केवढी ताकद असते आणि ती सर्वांत समान नसते, हे त्या शहराने फार मोठी किंमत देऊन जगाला दाखविले.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी याला दुजोरा दिला. एकाला क्षय झाला तर दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण हुबेहूब जुळ्यांमध्ये, म्हणजे ज्यांची जनुके एकसारखी असतात त्यांच्यामध्ये, साध्या जुळ्यांच्या मानाने जवळपास दुप्पट आढळले. ब्रिटनमधील जुळ्यांच्या माहितीचे १९७८ साली फेरविश्लेषण झाले, तेव्हा वय, सहवास इत्यादी गोष्टी लक्षात घेऊनही हा फरक टिकून राहिला. पण याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी. हुबेहूब जुळ्यांतही एक आजारी आणि दुसरा धडधाकट, अशाच जोड्या अधिक होत्या.

आता शरीरात काय घडते ते थोडक्यात पाहू. श्वासाबरोबर आत गेलेला जंतू फुफ्फुसातील भक्षक पेशी गिळून टाकतात. इतर बहुतेक जंतू तेथेच संपतात. क्षयाचा जंतू मात्र त्या पेशीच्या पोटात सुखाने नांदू शकतो. चोर घरात शिरल्याचे रखवालदाराला कळावे, पण त्याच्या हाती काठी नसावी, तशी ही अवस्था असते. मग रखवालदार हाकाटी देतो. ही हाक म्हणजे इंटरल्युकिन बारा आणि तेवीस नावाचे रेणू होत. ती ऐकून टी-पेशी आणि त्यांच्या सोबतच्या इतर पांढऱ्या पेशी धावून येतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचा रेणू सोडतात. तो भक्षक पेशीपर्यंत पोहोचला, की तिला गिळलेला जंतू मारण्याचे बळ येते. टीएनएफ नावाचा आणखी एक रेणू जंतूंभोवती पेशींचा कोट उभारून तो शाबूत ठेवतो. संधिवातासाठी टीएनएफला अडविणारी औषधे आली, तेव्हा काही रुग्णांचा जुना, निद्रिस्त क्षय जागा झाल्याचे २००१ मध्ये लक्षात आले. म्हणून आज अशी औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात.

हाक देणारा, हाक ऐकणारा, उत्तर देणारा आणि उत्तर ऐकणारा, या प्रत्येकाची घडण जनुकांवरून होते. कुठे एखादे अक्षर चुकले, तर साखळीची ती कडी कच्ची राहते. १९९६ साली हे प्रथम स्पष्टपणे दिसले. माल्टा बेटावरील एका गावातील काही मुले माती-पाण्यातल्या, एरवी निरुपद्रवी मानल्या जाणाऱ्या क्षयसदृश जंतूंनी गंभीर आजारी पडली होती, आणि ट्युनिशियातील एक बाळ बीसीजीच्या लसीनेच दगावले होते. लंडन व पॅरिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे शोध घेतला असता दोन्हीकडे इंटरफेरॉन गॅमाचा निरोप ऐकणाऱ्या रेणूचे जनुक बिघडलेले आढळले. त्यानंतर या साखळीतील अनेक कड्यांचे दोष सापडले आहेत. त्यांतील बरेचसे असे, की आई व वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच मूल आजारी पडते. आई-वडील स्वतः ठणठणीत असतात, आणि प्रत्येक गर्भधारणेत धोका चारात एक असतो. मामाच्या मुलीशी किंवा अन्य जवळच्या नात्यात विवाह झालेला असेल तर दोघांकडेही तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते.

येथे आम्हाला आमच्याच रुग्णालयातील एक घटना सांगितली पाहिजे. ती सांगताना संकोच वाटतो, तरीही सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या बालरोग कक्षात एक बाळ दाखल झाले. डाव्या दंडावर बीसीजी घेतल्यानंतर काखेत गाठ आली होती, ती फुटली होती. पुढे ताप हटेना, यकृत आणि प्लीहा वाढली. आम्ही क्षयाचे उपचार केले. बाळ अकराव्या महिन्यात गेले. आई-वडील सख्ख्या मामे-आत्येभावंडांच्या नात्यातले होते, हे केसपेपरवर लिहिलेले नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. बाळाच्या रक्ताचा नमुना पुढील तपासणीसाठी कोठेही पाठविला नव्हता. त्या काळी अशा आजाराचे नाव आमच्यापैकी काहींनी वाचलेले होते; पण वाचलेले वेळेवर आठवले नाही.

दोन वर्षांनी तीच माता आपल्या प्रसूतिगृहात पुन्हा बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी लसीची वेळ आली तेव्हा तिने बाळाला घट्ट धरून ठेवले आणि एवढेच म्हणाली, "सिस्टर, आधीच्याला हीच सुई दिली होती." लस नाकारणाऱ्या बायकांची समजूत घालण्याची आमच्या परिचारिकांना सवय आहे. ही परिचारिका समजूत घालायच्या ऐवजी ट्रे खाली ठेवून जुना केसपेपर शोधायला गेली. त्या एका कृतीबद्दल आम्ही तिचे कायमचे ऋणी आहोत. बाळाची लस थांबवली. रक्त परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या केंद्र शासनाच्या संशोधन संस्थेकडे पाठविले. तेथे अशा जन्मजात दोषांची तपासणी होते. अहवाल निर्दोष आला आणि बाळाला पाचव्या महिन्यात बीसीजी दिली. ते आज शाळेत जाते. पहिल्या बाळाला नेमके काय झाले होते, हे मात्र त्या मातेला आम्ही कधीच सांगू शकणार नाही.

यावरून कोणीही बीसीजीची धास्ती घेऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे. लसीनंतर दंडावर फोड येणे, तो पिकून व्रण राहणे, काखेत लहानशी गाठ येणे हे नेहमीचे आहे आणि ते बहुधा आपोआप बरे होते. बालवयातील मेंदूच्या व सर्वांगी पसरणाऱ्या क्षयापासून ही लस मोलाचे संरक्षण देते. आम्ही सांगतो आहोत ते दोष अत्यंत विरळ आहेत. पण ज्या घरात एखादे तान्हे मूल असे गेले आहे, त्या घरात पुढच्या बाळाला लस देण्याआधी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. येथे जनुकांचे ज्ञान थेट जीव वाचवू शकते.

मोठ्या माणसांच्या नेहमीच्या क्षयाकडे वळलो, की चित्र इतके स्पष्ट राहत नाही. टीवायके-टू या जनुकातील एका फरकाचे उदाहरण घेऊ. ज्यांच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतात, त्यांची इंटरल्युकिन तेवीसची हाक अर्धवटच ऐकली जाते आणि क्षयाचा धोका बराच वाढतो, असे २०१८ साली दिसून आले. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे सहाशेंत एकाकडे अशा दोन प्रती असतात. २०२१ साली संशोधकांनी युरोपातील एक हजारांहून अधिक प्राचीन मानवांच्या अवशेषांतील जनुके तपासली, तेव्हा गेल्या दोन हजार वर्षांत या फरकाचे प्रमाण झपाट्याने घटत गेल्याचे आढळले. क्षयानेच पिढ्यान्‌पिढ्या अशा माणसांना वेचून नेले, असा त्याचा अर्थ लावला जातो. हाडांच्या तुकड्यांतून एका रोगाचा दोन हजार वर्षांचा हिशेब निघावा, हे वाचून आम्ही थक्क झालो. मात्र आशिया आणि आफ्रिकेच्या बहुतांश भागांत हा फरक फारच विरळ आहे. लंडनच्या रुग्णाला लागू पडणारे उत्तर लातूरच्या रुग्णाला लागू पडेलच असे नाही.

आपल्या देशात १९८० च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणि त्यानंतर मदुराईत झालेल्या अभ्यासांत एचएलए-डीआर टू हा ऊतिगट फुफ्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांमध्ये अधिक प्रमाणात आढळला. जंतूचे तुकडे टी-पेशींना "हा पाहा शत्रू" म्हणून दाखविण्याचे काम एचएलए रेणू करतात, तेव्हा हा संबंध तर्काला धरून आहे. पण तोच ऊतिगट असलेली असंख्य भारतीय माणसे कधीही आजारी पडत नाहीत. वेगवेगळ्या खंडांतील चौदा हजारांहून अधिक क्षयरुग्णांची जनुके एकत्र अभ्यासणारे विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व लोकसमूहांत समान ठरावा असा एकच ठळक पट्टा त्यांना सापडला, आणि तो एचएलएच्याच परिसरातला निघाला. बाकीचा वारसा शेकडो लहान लहान फरकांत विखुरलेला असावा. अशा विखुरलेल्या फरकांवरून समोरच्या एका माणसाचे भविष्य सांगणे हे, स्पष्ट बोलायचे तर, आज पत्रिका पाहण्यापेक्षा फारसे वेगळे ठरणार नाही.

मेंदूच्या क्षयाचीही अशीच कथा आहे. झेब्रामासे आणि व्हिएतनाममधील रुग्ण यांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये असे सुचविले गेले, की दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा लाभ एका विशिष्ट जनुकप्रकाराच्या रुग्णांना अधिक होतो. इंडोनेशियातील सहाशेंहून अधिक रुग्णांत २०१७ साली पाहिले, तर त्या जनुकप्रकाराचा रुग्ण वाचण्याशी तसा संबंध दिसला नाही. आम्ही आपल्याकडील अशा रुग्णांना जनुक न तपासताच, ठरलेल्या पद्धतीने स्टेरॉइड देतो.

एका बाबतीत मात्र जनुकांचा प्रभाव आमच्या औषधखिडकीवर रोज जाणवतो. आयसोनियाझिड हे क्षयाचे जुने, स्वस्त आणि उत्तम औषध. यकृतातील एक विकर ते निष्प्रभ करते आणि त्या विकराच्या जनुकानुसार काही माणसे हे काम जलद करतात, काही मंद. भारतात निम्म्याहून अधिक लोक मंद गटात मोडतात. त्यांच्या शरीरात औषध अधिक वेळ टिकते. त्यामुळे हातापायांना मुंग्या येणे, तळव्यांची आग होणे हा त्रास त्यांना अधिक संभवतो. मद्रासच्या त्याच केंद्रात या विषयाचा पायाभूत अभ्यास झाला आणि बी-सहा जीवनसत्त्वाने हा त्रास टाळता येतो, हे तेथेही दिसून आले. ती छोटी गोळी आम्ही क्षयाच्या औषधांबरोबर देतो. अनेक रुग्ण "ही कसली, ताकदीची का?" म्हणून ती बाजूला ठेवतात, कृपया ठेवू नये. डोळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली, अन्न नकोसे झाले, मळमळू लागले तर यकृतावर परिणाम होत असू शकतो. पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे.

आता हितचिंतकांच्या प्रस्तावाकडे येतो. त्यांच्याशी आमची दोनदा सविस्तर चर्चा झाली. यंत्र घेऊ नये, असे आम्ही विश्वस्त मंडळास लेखी कळविले आहे. विरळ दोषांच्या तपासणीसाठी परळची संस्था आहेच आणि वर्षाकाठी आपल्याकडून तेथे जाणारे नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. नेहमीच्या क्षयाविषयी भाकीत करणारी विश्वासार्ह तपासणी आज अस्तित्वातच नाही. शिवाय अशा कागदावर "धोका अधिक" एवढे दोन शब्द छापले गेले, तर ते कोणत्या मुलीच्या घरी पोहोचतील आणि काय करतील, याची आम्हाला चांगलीच कल्पना आहे.

त्याऐवजी आम्ही त्यांच्यापुढे झारखंडमधील अभ्यास ठेवला. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतील १०,३४५ कुटुंबीयांची पाहणी केली. सर्व रुग्णांना शिधा मिळत होता. निम्म्या गटात तो घरातील इतरांनाही दिला गेला, म्हणजे तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या. त्या घरांतील इतर माणसांना होणारा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला आणि जंतू आढळून सिद्ध झालेला फुफ्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या घरांतील कोणाचीही जनुके बदलली नव्हती. उपाशी शरीरात हाकाटी देणाऱ्या आणि धावून येणाऱ्या पेशीच दुबळ्या पडतात; त्यांना बळ देण्याचा मार्ग चुलीवरून जातो.

शासनाच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला उपचारकाळात दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे, आणि निक्षय मित्र म्हणून नोंदणी करून कोणालाही रुग्णास व त्याच्या कुटुंबास शिधा देता येतो. आपल्या हितचिंतकांनी यंत्रासाठी काढून ठेवलेली रक्कम रुग्णांच्या घरच्यांच्या शिध्यासाठी वर्ग करण्यास मोठ्या मनाने संमती दिली. त्यांची नाव न छापण्याची अट आम्ही पाळत आहोत. शिधा नेण्यास येणाऱ्या प्रत्येक कुटुंबातील माणसांची छातीची तपासणी त्याच दिवशी विनामूल्य होईल, आणि ज्यांना आजार नाही त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध दिले जाईल.

दाराशी घुटमळणाऱ्या त्या आईला आम्ही आता असे सांगतो : "माई, आजार घराण्यातून आलेला नाही, हवेतून आलेला आहे. सहा महिने औषध पुरे करा, घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा, लग्न ठरले असेल तर मोडू नका." आणि नवजात बाळांच्या केसपेपरवर यंदापासून दोन नवे रकाने छापले आहेत. आई-वडिलांचे आपसांतील नाते काय, हा पहिला. आणि लसीनंतर आजारी पडून या घरातील एखादे मूल गेले आहे काय, हा दुसरा. बीसीजीची सुई भरण्यापूर्वी ते दोन्ही भरावयाचे आहेत.